हुस्नाची मेन्स

प्रिलिम्सचा निकाल लागला त्या दुपारी अब्बास दोह्याच्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात ड्रॉइंगांवर शिक्के मारत बसला होता. एका बांधकाम कंपनीत तो डॉक्युमेंट कंट्रोलर होता. हुद्दा भारदस्त, काम साधं. इंजिनिअरांची ड्रॉइंगं आली की त्यांना नंबर द्यायचे, नोंद करायची आणि ज्याची त्याला पोचती करायची. मध्येच फोन थरथरला. बँकेच्या परीक्षेच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, ‘आला रे आला, बघा पटापट.’

त्यानं आधी स्वतःचा नंबर टाकला. पान उघडायला बराच वेळ लागला, आणि उघडलं तेव्हा एका ओळीत सगळं संपलं. नापास. मग त्यानं हुस्नाचा नंबर टाकला. तो त्याला पाठ होता, कारण बायकोचा फॉर्म त्यानंच भरला होता. हुस्ना पास होती.

पान बंद करून त्यानं पुन्हा उघडलं. तरी तेच.

तेवढ्यात तिचाच फोन आला. “ऐका ना, निकाल लागलाय म्हणे. इथं साइट उघडतच नाहीये. तुम्ही बघता?”

“इथंही उघडत नाहीये,” अब्बास म्हणाला. “गर्दी झाली असेल. संध्याकाळी बघू.”

फोन ठेवल्यावर त्याचं त्यालाच नवल वाटलं. खोटं इतक्या सहज तोंडातून निघालं होतं, की जणू ते आधीपासून तिथं बसून होतं.

अब्बास म्हसळा तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावचा. बी.कॉम. झाल्यावर त्यानं बँकेच्या परीक्षेचा ध्यास घेतला. दरवर्षी थोडक्यात हुकायची. कधी प्रिलिम्सला, एकदा तर मेन्सला. शेवटी चुलतभावाच्या ओळखीनं तो कतारला आला. पण ध्यास सुटला नव्हता. वर्षाची सुट्टी तो परीक्षेच्या तारखा बघून घ्यायचा. गावात लोक विचारायचे, “अब्बास, पाहुणा म्हणून आलास की परीक्षेला?” तो हसायचा. सरकारी बँकेत, पंख्याखाली, काचेच्या पलीकडे बसायचं आणि पोराबाळांजवळ राहायचं, एवढीच त्याची इच्छा होती. क्लार्कच्या भरतीला वयाची अट असते. ती ओलांडायच्या आधीची ही त्याची शेवटची परीक्षा होती.

हुस्ना या सगळ्यात आली ती स्वयंपाकघरातून. अल थुमामाच्या एका व्हिलात त्यांनी दोन खोल्यांचा तुकडा भाड्यानं घेतला होता. संध्याकाळी अब्बास क्लासचे व्हिडिओ मोठ्या आवाजात लावायचा, आणि ती तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता ऐकायची. बसण्याच्या क्रमाची कोडी असली की कधी कधी ओट्याकडून उत्तर यायचं, “डावीकडून तिसरा तो डॉक्टर.” अब्बासला मौज वाटायची. “तूही भर ना फॉर्म,” तो म्हणाला होता. “एकट्यानं जाण्यापेक्षा सोबत होईल.” दोघं सुट्टी काढून मुंबईला गेले, दोघांनी प्रिलिम्स दिली. परतीच्या विमानात तो तिला सांगत होता, की पहिल्या वेळी असं होतंच, मनाला लावून घ्यायचं नाही.

त्या संध्याकाळी तो मेट्रो आणि बस करून घरी पोचला. हुस्नानं दार उघडलं, आणि तिच्या चेहऱ्यावरून त्याला कळलं की साइट उघडली होती. तिनं दोघांचाही निकाल बघितला होता. घरात सुक्या बोंबलाच्या कालवणाचा वास होता. त्याच्या आवडीचं कालवण. सणासारखा दिवस तिचा, आणि जेवण त्याच्या आवडीचं. हे त्याला फार लागलं.

“तुमचं कसं राहिलं हो?” ती हळूच म्हणाली. “त्यांचीच काहीतरी गडबड असेल.”

“गडबड कसली? झालं ते झालं. मुबारक तुला.”

मुबारक म्हणताना तो बूट काढत होता. बूट निघायला जरा जास्तच वेळ लागला.

मेन्सला जेमतेम दोन आठवडे उरले होते. हुस्ना घाबरून गेली. प्रिलिम्सला तीनच विषय होते; आता बँकिंगची माहिती, चालू घडामोडी, कॉम्प्युटर, सगळंच अंगावर आलं. शुक्रवारी सकाळी चहा झाल्यावर ती कोरा कागद घेऊन त्याच्यासमोर बसली. “तुम्हीच वेळापत्रक बसवून द्या. तुम्हाला यातलं कळतं. आता नवं किती करायचं आणि उजळणी किती, मला काही सुचत नाहीये.”

वेळापत्रक आखण्यात अब्बासचा हात धरणारा कुणी नव्हता. परीक्षांपेक्षा त्याची वेळापत्रकंच जास्त पास झाली असती. शेवटच्या दोन आठवड्यांत काय करायचं हे त्याला तोंडपाठ होतं. नवा विषय उघडायचा नाही. जे येतं ते पक्कं करायचं. चालू घडामोडी रोज थोड्या थोड्या, कारण तिथं कमी वेळात जास्त गुण. दिवसाआड सराव परीक्षा, आणि चुकलं ते त्याच दिवशी तपासायचं. हे सगळं त्यानंच तिला भाजीच्या पिशव्या उचलताना, बसमध्ये, शंभरदा ऐकवलं होतं.

आणि तरी त्याचं पेन वेगळंच लिहीत गेलं. तक्त्यांची आणि आलेखांची गणितं, म्हणजे डेटा इंटरप्रिटेशन किंवा डीआय, हुस्नाला जड जात. अब्बासनं रोजची सकाळ, तिची सगळ्यात ताजी वेळ, त्यांनाच दिली. त्यातले तिनं कधी न केलेले अवघड प्रकारही घातले. चालू घडामोडी आणि बँकिंग त्यानं अगदी शेवटच्या दोन दिवसांत कोंबलं. सराव परीक्षा दोनच. ‘कच्चं आहे तिथंच मेहनत हवी,’ तो मनाशी म्हणाला. वाक्य खोटं नव्हतं, आणि म्हणूनच त्याच्यामागे लपणं सोपं होतं.

“सकाळी रोज डेटा इंटरप्रिटेशन?” हुस्नानं कागद बघून विचारलं.

“तेच तुला पाडेल. तेच आधी धर.”

“बरं,” ती म्हणाली, आणि कागद फ्रिजवर चिकटवला.

मग ते दिवस सुरू झाले. शेजारच्या खोलीतली नजमाभाभी सकाळी इनायाला स्वतःकडे नेऊ लागली. त्यांची मुलगी इनाया चार वर्षांची, नर्सरीत जाणारी. घरचं मराठी सगळं समजायचं, पण बोलायची इंग्रजीत. अब्बास घरी आला की ती ओठांवर बोट ठेवायची. “अब्बू, क्वायट. मम्मा इज स्टडीइंग.” आजवर हे वाक्य हुस्ना त्याच्यासाठी म्हणायची. नजमाभाभी दारात उभी राहून कौतुक करायची, “माशाल्ला, काय डोकं आहे तुमच्या बायकोचं! मॅनेजरच होणार बघा.” अब्बास हसून म्हणायचा, “क्लार्कची परीक्षा आहे, भाभी.” आणि आत जाऊन विनाकारण नळ सोडायचा.

सगळ्यात वर्मी लागला तो आईचा फोन. ताहेरुन्निसानं मुलाच्या परीक्षांसाठी वर्षानुवर्षं दुवा मागितल्या होत्या, दर्ग्यात चादरी चढवल्या होत्या. ती म्हणाली, “बेटा, तुझ्यासाठी मागितलेल्या दुवा सुनेच्या नावावर कबूल झाल्या. घरातच राहिलं, दुसरं काय!” तिनं ते आनंदानं म्हटलं होतं. अब्बासला मात्र वाटलं, आपली चिठ्ठी कुणीतरी दुसऱ्याच्या पत्त्यावर टाकली, आणि आपल्यालाच त्याचे पेढे वाटायला सांगितले.

“चाललंय ना वेळापत्रकाप्रमाणे?” तो रोज विचारायचा.

“चाललंय,” ती म्हणायची.

पुढच्या शुक्रवारी एका क्लासनं ऑनलाइन सराव परीक्षा ठेवली होती. हजारो मुलं एकाच वेळी देणार होती. अब्बास घरी म्हणाला, “ऑफिसचं थोडं काम आहे, जाऊन येतो,” आणि कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात जाऊन बसला. करक, म्हणजे इथला दाट वेलचीचा चहा, मागवला आणि फोनवर तीच परीक्षा उघडली. का, ते त्यानं स्वतःला विचारलं नाही. पेपर त्याला सुंदर गेला. न घाबरता, न अडखळता, एकामागून एक. गुण आले तेव्हा त्याच्या अंगावर रोमांच उभे राहिले. इतके त्याला कधीच पडले नव्हते. सांगायला कुणी नव्हतं, म्हणून त्यानं चहावाल्या मल्याळी पोऱ्याला एक रियाल जास्त दिला. जुम्म्याच्या नमाजात सगळा वेळ तो आकडाच त्याच्या डोक्यात होता. घरी जाताना त्यानं वाक्यही ठरवून ठेवलं: तू पुढे गेलीस खरी, पण बघ.

हुस्ना जमिनीवर बसून चुकलेले प्रश्न तपासत होती.

“किती आले?” अब्बासनं विचारलं.

तिनं सांगितलं. त्याच्यापेक्षा अठरा जास्त.

तो वाकून तिच्या कागदाकडे बघू लागला. मग म्हणाला, “डीआयचे किती सोडवलेस?”

“पाच.”

“पाचच? आठवडाभर सकाळी काय करत होतीस?”

हुस्नानं पेन खाली ठेवलं. “तुमचं वेळापत्रक मी दुसऱ्याच दिवशी बाजूला ठेवलं. पहिल्या सकाळी तीन तास ती गणितं केली, एक सुटेना. रडूच आलं. मग आठवलं, तुम्हीच सांगता ना, शेवटी नवं उघडायचं नाही. म्हणून तुम्ही नेहमी सांगता तसंच केलं. रोज घडामोडी, रोज रीझनिंग. सकाळी इनाया गेली की सराव परीक्षा. डीआयमधलं सोपं तेवढं धरायचं, बाकी सोडून द्यायचं.”

“मग कागद फ्रिजवर कशाला?”

“तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून.”

खोलीवरून विमान गेलं. या भागात ती सारखीच जातात आणि कुणाचं लक्ष नसतं, पण आता दोघंही तो आवाज संपायची वाट बघत राहिली.

“एक विचारू?” हुस्ना म्हणाली. “घडामोडी शेवटच्या दोन दिवसांत का टाकल्यात? तुम्हाला माहीत नव्हतं असं नाही.”

अब्बासला सहज म्हणता आलं असतं, चुकलं. तीही मान्य करून गप्प बसली असती. पण आठवडाभर आत साचलेलं वर आलं. “कारण ही माझी शेवटची वेळ होती! सात वर्षं घासलीत मी. तू भाकऱ्या थापता थापता ऐकलंस, मजा म्हणून फॉर्म भरलास आणि पास झालीस. मी काय करायचं? टाळ्या वाजवू?”

“मजा?” हुस्नाचा आवाज चढला. इनायानं खेळणं सोडून वर बघितलं. “मजा म्हणून? तुम्हाला माहीत तरी आहे? लग्नाआधी मी हाच फॉर्म भरला होता. हॉलतिकीट आलं होतं. तुमचा पेपर शनिवारी होता, माझा रविवारी. त्याच रविवारी आपला निकाह ठेवला. अब्बा म्हणाले, मुलगा कतारहून येतोय, त्याला दहाच दिवसांची सुट्टी, तारीख हलवायची नाही. मेंदीच्या हातांनी मी बसले होते तेव्हा माझ्या मैत्रिणी पेपर देत होत्या.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“काय बोलायचं? तुम्ही रोज त्याच परीक्षेचा अभ्यास घेऊन बसायचात. मला नाही जळायला झालं? पहिली दोन वर्षं तुमचे व्हिडिओ लागले की मी मिक्सर लावायचे, आठवतंय?”

त्याला आठवलं. दोन वर्षं चटणी फार व्हायची घरात. पण हसू कुणालाच आलं नाही.

“मम्मा, आर यू फायटिंग?” इनायानं विचारलं.

“नाही गं,” हुस्ना म्हणाली. “खलास. झालं.” आणि ती पुन्हा पेन उचलून प्रश्न तपासू लागली. अब्बासनं फ्रिजवरचा कागद काढला, चुरगळला आणि इनायाला घेऊन बाहेर पडला. समुद्राकाठी कोर्निशवर पोरगी सायकलवाल्यांना हात करत राहिली आणि तो बाकावर बसून राहिला. लाज वाटत होती, हे खरं. पण लाजेखाली दुसरं होतं ते जसंच्या तसं होतं. अठरा गुण.

हुस्ना एकटीच मुंबईला गेली. विमानतळावर तिनं इनायाच्या डब्यांविषयी, औषधाविषयी सांगितलं. परीक्षेविषयी दोघंही बोलली नाहीत. निघताना तो म्हणाला, “घाई करू नको. पहिल्या दहा मिनिटांत घाई होते.” तिनं मान हलवली.

मग त्याला कळलं की एकट्यानं पोर सांभाळणं म्हणजे काय. शनिवारी इनाया झोपली असताना त्यानं सवयीनं गणिताचा एक संच उघडला. दुसऱ्या प्रश्नाला ती उठली. दूध दिलं, तिसऱ्या प्रश्नाला दूध सांडलं. चौथा प्रश्न त्यानं केलाच नाही. ओट्यापाशी नळाच्या मागे भिंतीला एक प्लास्टिकची पट्टी चिकटवलेली होती. हुस्ना फोन उभा करून भांडी घासत ऐकायची ती जागा. अब्बास रोज तिथंच हात धुवायचा. ही पट्टी कसली, असं त्यानं कधी विचारलंही नव्हतं.

रविवारी परीक्षा. कतारात रविवार कामाचा, म्हणून इनायाला नजमाभाभीकडे ठेवून तो ऑफिसला गेला. दुपारी ऑफिसच्या नमाजाच्या खोलीत तो उभा राहिला, आणि दुवेला हात उचलले तेव्हा काय मागावं तेच कळेना. ती पास होऊ दे, म्हणायला गेला तर जीभ जड झाली. नापास होऊ दे, हे मनात आलं आणि अंगावर काटा आला. शेवटी तो पुटपुटला, “तिच्यासाठी जे भलं असेल ते दे.” ही पळवाट आहे हे त्याला ठाऊक होतं, देवालाही ठाऊक असावं. शेजारचा बांगलादेशी फोरमन म्हणाला, “आज लंबी दुआ, अब्बासभाई?” अब्बास म्हणाला, “घरवाली का इम्तिहान है.”

परत आल्यावर हुस्ना बोलली नाही, पेपर कसा गेला ते. एवढंच म्हणाली, “घडामोडींनी तारलं तर तारलं.”

तारलं. काही महिन्यांनी अंतिम यादीत तिचं नाव आलं आणि रायगड जिल्ह्यातली एक शाखा मिळाली. ती आणि इनाया गावी गेल्या. ताहेरुन्निसाला नात मिळाली, सुनेला घर सांभाळणारी सासू मिळाली. अल थुमामाच्या खोल्या सोडून अब्बास तिघा जणांबरोबर एका खोलीत राहू लागला. संध्याकाळी फोन व्हायचा. “आज कॅश जुळायला उशीर झाला,” हुस्ना सहज म्हणायची. ते वाक्य त्यानं स्वतःच्या तोंडी कितीदा कल्पून ठेवलं होतं. पण तो विचारायचाही. किती फरक आला? कुठं सापडला? ती सगळं सविस्तर सांगायची, आणि तो फोन कानाला घट्ट धरून ऐकायचा. गोड लागत नसलं तरी खाणं सोडवत नाही, तसं त्याचं झालं होतं.

पुढच्या सुट्टीत तो न सांगता तिच्या शाखेत गेला. एसटी स्टँडमागची लहान शाखा, माणसांनी भरलेली. काचेच्या पलीकडे हुस्ना होती. ओढणी नीट खोचलेली, चष्मा नवा. एक माणूस जोरजोरानं भांडत होता आणि ती शांतपणे त्याला पासबुक दाखवत होती. “मॅडम, मॅडम,” सगळे म्हणत होते. अब्बास मागच्या बाकावर बसला. पंखा त्याच्या डोक्यावर फिरत होता, म्हणजे काचेच्या अलीकडच्या बाजूला.

शेजारच्या म्हाताऱ्या बाईनं त्याच्यापुढं पैसे काढायची स्लिप धरली. “जरा भरून देतोस का, बाबा?” पासबुकावर नाव होतं केसरबाई. त्यानं सराईतपणे भरून दिली. कुठं सही, कुठं आकडे, कुठं अक्षरी.

“बँकेतला का तू?” केसरबाईंनी कौतुकानं विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, काउंटरकडे बोट करून, “ती बसलीय ना, चष्म्यातली, ती माझी बायको.”

गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाला असावा, कारण काचेपलीकडून हुस्नानं मान वर केली. त्याला बघून ती चकित झाली, मग हसली, आणि रांगेकडे बघून हातानं खूण केली, बसा, वेळ लागेल. अब्बास बसून राहिला. छातीत जे टोचायचं ते त्या दिवशीही टोचत होतं. दुपारी जेवायची वेळ टळून गेली तरी तो उठला नाही.